चार मजले, बहात्तर पायऱ्या

१ जानेवारी, सकाळी ११
उठायला उशीर झाला. हरकत नाही, वर्ष मोठं आहे.
इमारतीच्या कमिटीने नोटीस लावली आहे. डिसेंबरात जुनी लिफ्ट काढून नवी बसवणार. पंधरा तारखेपासून सहा आठवडे लिफ्ट बंद. काल लेक आली होती. नोटीस वाचून म्हणाली, आई, तू चौथ्या मजल्यावर, गुडघे तुझे हे असे. डिसेंबरात माझ्याकडे ये, परत जायचं का ते मग बघू.
हे ‘मग बघू’ मी चांगलं ओळखते. लहानपणी ती सायकल मागायची तेव्हा मीच म्हणायचे. सायकल कधी आली नाही.
तेव्हा ठरलं. पंधरा डिसेंबरला तिच्यासमोर तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढून दाखवायचं, मधे न बसता. जमलं तर मी माझ्या घरात. नाही जमलं तर बॅग भरायची. ती म्हणाली, लिहून दे. दिलं. चौतीस वर्षं परीक्षा विभागात काढली मी, आणि ही मला परीक्षेची भीती घालते!

२ जानेवारी
गुणतक्ता तयार करून फ्रिजवर लावला. इच्छाशक्ती ३०, पोशाख १०, हजेरी २०, प्रात्यक्षिक ४०. उत्तीर्ण होण्यास ३५.
आज इच्छाशक्तीत तीसपैकी एकोणतीस. एक गुण नम्रतेपोटी कापला.

९ जानेवारी
बूट आणले. दुकानदाराने विचारलं, मावशी, चालायला हवेत की पळायला? म्हटलं, चढायला. म्हणाला, तसे वेगळे येत नाहीत. येतही असतील, दुकान त्याचं लहान आहे. जांभळे घेतले.
पोशाख दहापैकी दहा. एकूण एकोणचाळीस. म्हणजे मी उत्तीर्ण, आणि अजून एकही पायरी चढलेली नाही. पद्धत शास्त्रशुद्ध असली की असं होतं.

२३ जानेवारी
पहिलं प्रात्यक्षिक. चौथ्या मजल्यावरच्या माणसाने चढण्यासाठी आधी उतरायला हवं, हे उघड आहे. उतरले. बहात्तरच्या बहात्तर. खाली पोचले तेव्हा अगदी ताजीतवानी. मग लिफ्टने वर आले. पहिल्याच दिवशी अतिरेक नको.
वाटेत दुसऱ्या मजल्यावर कवायतबाई भेटली. हे नाव मीच ठेवलं आहे. निवृत्त नर्स, माझ्याच वयाची, छडीसारखी. पहाटे साडेपाचला उठून उठाबशा काढते आणि आठपर्यंत अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी होते. मला म्हणाली, अगं बाई, उतरून काय उपयोग? चढ! म्हटलं, जिना तोच, पायऱ्या त्याच, फक्त दिशा वेगळी. तिने कपाळाला हात लावला आणि आपल्या घराचं दार लावून घेतलं.

१४ फेब्रुवारी
सर्दी.

२ मार्च
सर्दी गेली, पण ती परत येऊ नये म्हणून विश्रांती.

१९ मार्च
पुन्हा सुरुवात. उतरले. हजेरी वीसपैकी वीस. मधले पाच आठवडे वैद्यकीय रजेत धरले. नियमात बसतं, नियम मीच केला आहे.

६ मे
डॉक्टरांकडे. वजन दोन किलो वाढलंय म्हणाले. म्हटलं, बूट आहेत पायात. म्हणाले, काढा मग. काढले. काटा जागचा हलला नाही. यावरून बूट किती हलके आहेत ते कळतं. वस्तू उत्तम निवडली.
डॉक्टर विचारत होते, दिवसभरात चालणं किती होतं? हा प्रश्न मला आगाऊ वाटला.

११ जुलै
आज लिफ्ट बिघडली. दिवसभर बंद. सरावाची नामी संधी होती, पण नेमकं खाली काही कामच निघालं नाही.

३ ऑगस्ट
लेकीचा फोन. सराव चालू आहे ना, आई? म्हटलं, रोज जिना वापरते. ती इतकी खूश झाली की मलाच भरून आलं.
खोटं बोलले नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आमच्या मनावर बिंबवलं होतं, मुलींनो, खोटं बोलू नये. सगळं सांगावं असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

१८ ऑक्टोबर
विक्रम! चौथ्यावरून तळाशी दीड मिनिटात, कठड्याला हात न लावता, पाठ ताठ.
कवायतबाई खालून येत होती. दुसऱ्या मजल्यावर गाठ पडली. म्हणजे दोघींचे दोन-दोन मजले झालेले. तिला धाप लागली होती. मला नाही. ज्याने त्याने काय तो बोध घ्यावा. तिने घेतला नाही. म्हणाली, बाई गं, डिसेंबरात काय करणार आहेस तू? काळजीने बोलल्यासारखा आवाज काढते. हॉस्पिटलातली सवय.

२० नोव्हेंबर
दुपारी जिन्यात कोणी नव्हतं. सहज म्हणून खालून वर चढून पाहिलं. पहिल्या मजल्यावर पोचले आणि छातीत ढोल वाजायला लागला. वर्तमानपत्र वाचण्याच्या मिषाने दहा मिनिटं उभी राहिले. वर्तमानपत्र नव्हतं.
जिन्याच्या बांधकामात दोष आहे. याच पायऱ्या उतरताना बेताच्या आहेत, चढताना उंच होतात. कमिटीला खरमरीत पत्र लिहिलं.

२१ नोव्हेंबर
झोप नीट लागली नाही. लेकीकडे वाईट काही नाही. स्वतंत्र खोली, मऊ गादी, जावई तर चहासुद्धा हातात आणून देतो. तेच तर. तिथे मला कोणी काही करू देत नाही. भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घेतात. इथे दूध उतू गेलं तर ते माझं दूध, आणि माझ्याच गॅसवर जातं.
उद्यापासून रोज चढायचं. अगदी रोज.

२२ नोव्हेंबर
रविवार.

८ डिसेंबर
तक्त्याची फेरतपासणी केली. वर्षाची सरासरी एकसष्ट टक्के. प्रथम श्रेणी. उगाच घाबरत होते.

१५ डिसेंबर, दुपारी ३
सकाळी आठला लिफ्ट बंद झाली. नऊला लेक येऊन खाली उभी राहिली. मी जिन्याने उतरले, एक मिनिट वीस सेकंदांत. टाळी द्यायची सोडून तिने नुसतं वर बोट दाखवलं.
पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या शेवटच्या चार पायऱ्या मी कठड्याला धरून चढले की कठडा मला धरून, ते सांगता येणार नाही. वर पोचले आणि कवायतबाईच्या चपलांच्या कपाटावर बसले. बसले म्हणजे बसलेच.
पण डोकं शाबूत होतं. म्हटलं, चारपैकी दोन मजले म्हणजे पन्नास टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात. लेक शेजारी बसली, माझी पाठ चोळत म्हणाली, हो गं आई, पास झालीस. पण उरलेल्या पन्नास टक्क्यांवर झोपायला जाणार कशी?
चौतीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. म्हटलं, बॅग भर.
तेवढ्यात दार उघडून कवायतबाई बाहेर. म्हणाली, बॅग माझ्याकडे आण. दोन मजले येतात ना तिला? मग सहा आठवडे इथेच राहील. मागची खोली रिकामीच आहे. लेक म्हणाली, मावशी, ऐकत नाही हो ती कोणाचं. कवायतबाई म्हणाली, चाळीस वर्षं न ऐकणाऱ्यांनाच इंजेक्शनं दिली आहेत.
थोडक्यात, मी इमारत सोडलेली नाही.

१६ डिसेंबर, सकाळी ९
साडेपाचला उठवलं. पांघरूण ओढून! मला आजवर आईनेसुद्धा असं उठवलं नव्हतं.
मग म्हणाली, चल, दोनच मजले आहेत, तुझ्या घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालून येऊ. म्हटलं, जरूर. निघालोसुद्धा. ती गेली. मी दुसऱ्या मजल्यावर उभी राहून कोणत्या कुंडीला किती घालायचं ते ओरडून सांगितलं.
घसा बसलाय. आज प्रात्यक्षिकात चाळीसपैकी बावीस.