बायकांची शंभर टक्के मतं

२२ ऑक्टोबर २०००
शाहूपुरीतल्या साप्ताहिकासाठी आमच्या वॉर्डाचा ओपिनियन पोल मी करणार. टायपिंग क्लास काय, कोणीही चालवतो. बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स होतं, ते आता कामाला येईल. अंदाज बरोबर आला तर अख्ख्या जिल्ह्याचं काम देतो, असं संपादक म्हणाले. लढत सरळ आहे. जुने नगरसेवक हंबीरराव, समोर पाण्यासाठी मोर्चे काढणाऱ्या शालूबाई. पुरुष आणि बायका यांची टक्केवारी वेगवेगळी काढून तुलना करायची. असं आजवर इथं कोणी केलेलं नाही.

२४ ऑक्टोबर
सकाळी निघणार होतो. दुपारी निघालो. पुरुष तालमीच्या कट्ट्यावर एकाच जागी सापडले. बहुतेक हंबीररावांचे. कट्टा त्यांनीच बांधून दिलाय, पण त्याचा इथं संबंध नाही.

२६ ऑक्टोबर
बायका अवघड. दार उघडतात आणि नवऱ्याला हाक मारतात. शेजारचा केरबा म्हणाला, "मास्तर, आमच्या हिचं मत मलाच विचारा की. ती काय वेगळं सांगणार हाय?" वेळ वाचला. हीच पद्धत पुढच्या घरांनाही लावली.

२९ ऑक्टोबर
नीलम्मा म्हणते, "पाणी येतंय तवा नळावर जावा. तिथं बायका मोकळ्या बोलत्यात." घरात बसून बायकोला सॅम्पलिंग काय कळणार. तरी तिचं मन राखायला उद्या जाणार.

३० ऑक्टोबर
पाणी पहाटे येतं. थंडी होती.

२ नोव्हेंबर
अंक आला. पहिल्या पानावर मी. 'हंबीररावांना पुरुषांचा ऐंशी टक्के, महिलांचा शंभर टक्के पाठिंबा.' निष्ठेत बायका पुरुषांच्या वीस टक्के पुढे, हा माझा स्वतःचा शोध. बायका सहाच होत्या, हे छापलं नाही. आकडे जास्त झाले की वाचक गोंधळतो. हंबीररावांनी पेढे पाठवले, फटाक्यांची ऑर्डरही दिली म्हणे.

५ नोव्हेंबर
मतदान. बायकांची रांग पार कोपऱ्यापर्यंत. शंभर टक्के बाहेर पडलेले डोळ्यांनी पाहिले. नीलम्मा माझ्याआधीच जाऊन आली.

७ नोव्हेंबर
शालूबाई दणदणीत आल्या. संपादकांना फोनवर सॅम्पलिंग एरर समजावत होतो. त्यांनी मधेच ठेवला. हंबीररावांचा माणूस दारात येऊन विचारून गेला, "मास्तर, ते शंभर टक्के कुठं गेलं?" लोक खोटं बोलले, असं त्याला सांगितलं. दुपारी गल्लीतून मिरवणूक गेली. मी खिडकी लावून घेतली.

संध्याकाळी नीलम्मा घरी आली. डोक्यापासून पायापर्यंत गुलाल. मी तिला विचारलं, तू मत कुणाला दिलंस?

"आत्ता विचारताय व्हय?" म्हणाली, आणि केस धुवायला गेली.