अर्ध्या गोधडीची किनार

नागपूर

प्रिय प्रशिक,

पत्राची सुरुवात अशी करतात, म्हणून प्रिय. त्यापलीकडे त्यात काही शोधू नकोस.

तुझा निरोप मिळाला. आपलं ठरलेलं लग्न मोडल्यानंतर इतक्या महिन्यांनी तू पहिल्यांदा लिहिलंस, आणि तेही माझ्याकडे राहिलेल्या आपल्या गोधडीसाठी. पुढच्या महिन्यात तुझं पायलशी लग्न आहे, त्याआधी गोधडी कन्हानला पोचावी. तुमच्या घरच्या रीतीप्रमाणे तिची किनार नवी सून लावेल. पायलनं आजवर सुईत दोरा ओवलेला नाही, म्हणून नवशिक्याला जमेल अशी सोपी पद्धत मी लिहून द्यावी. ‘तुला असलं नीट समजावता येतं,’ असंही लिहिलंस. आणि शेवटी, सहज आठवल्यासारखं एक वाक्य: आईनं सुई धरणं सोडलंय, नाहीतर तिनंच शिकवलं असतं.

हे तू स्वतः टाइप केलंस आणि पाठवण्याआधी एकदा वाचलंही असशील, याचं मला अजून नवल वाटतं. पण पद्धत विचारली आहेस, तर सांगते. विचारलेल्याचं अर्धं उत्तर द्यायची मला सवय नाही.

आधी जागा. तुमच्या पुढच्या खोलीतला पलंग भिंतीकडे सरकव, फरशी पुसून घे आणि गोधडी जमिनीवर पसर. पलंगावर मोजू नये, गादीत ती खोलगट होते. मधून कडेकडे तळहात फिरवून सुरकुत्या काढायच्या, ओढायचं मात्र नाही. मग टेप. सगळे नवशिके इथेच चुकतात. ते कड मोजतात आणि तेवढ्या मापाची पट्टी कापतात. नाहीतर मोजतच नाहीत. लांब पट्टी घेऊन एका कोपऱ्यापासून शिवत सुटतात आणि दुसऱ्या टोकाला उरेल ती कापून टाकतात. कड शिवताना हाताळून हाताळून सैल झालेली असते. तिच्या मापानं पट्टी लावली की किनारीला लाटा येतात आणि त्या पुन्हा बसत नाहीत. माप घ्यायचं ते मधोमध. डावी कड, मध्य, उजवी कड, तिन्ही ठिकाणी टेप धरून बघ; तिन्ही आकडे वेगळे येतील. त्यातला मधला खरा धरायचा.

हे मी काकूंना, तुझ्या आईला, तुमच्या घरी आले त्या पहिल्या रविवारी सांगितलं तेव्हा तू दारात बसून शेंगा सोलत होतास. त्यांनी आपल्या अंथरुणावरची गोधडी दाखवायला काढली होती. तिच्या चारही बाजूंना पुरीच्या कडेसारख्या लाटा होत्या. मी न राहवून टेप काढला. पर्समध्ये टेप ठेवणारी मुलगी त्यांनी आधी पाहिली नव्हती. त्या मला म्हणाल्या, “माणूस मोजून पांघरते का वं?” तू हसलास आणि आईला म्हणालास की आता तू हिच्या तावडीत सापडलीस. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टेपवाली ठेवलं. शेजारणींना सांगताना त्या म्हणायच्या, आमची टेपवाली कळमेश्वरच्या कारखान्यात मापं तपासते, तिच्या सहीबिगर कारखान्यातून खिळाही बाहेर जात नाही. हे खरं नव्हतं, पण मी दुरुस्त केलं नाही. आईच्या माघारी कोणी माझ्याबद्दल वाढवून बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

आता पट्ट्या. मधल्या मापाच्या दोन सारख्या पट्ट्या काप, दोन्ही उभ्या बाजूंसाठी. कापड जुनं घे. नवंच घ्यायचं असेल तर आधी धुऊन वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि सगळी गोधडी चुण्या घेऊन बसते. पट्टीची घडी घालून तिच्या मध्यावर खूण कर, गोधडीच्या कडेच्या मध्यावर कर. मध्याला मध्य, टोकाला टोक, अशा टाचण्या लाव. मग मधल्या जागा भर. कडेचं कापड पट्टीपेक्षा थोडं जास्त भरेल. ते टाचण्यांमध्ये सारखं वाटून द्यायचं. मशीनवर शिवताना गोधडी खाली आणि पट्टी वर ठेव. मशीनचे दात खालचं कापड पुढे ढकलतात, त्यामुळे जास्तीचं आपोआप सामावतं. हातानं शिवणार असाल तर धावदोरा पुरे. दोन उभ्या पट्ट्या झाल्या की त्यांच्यासकट रुंदी पुन्हा मध्यावर मोजायची आणि आडव्या पट्ट्या त्या मापानं कापायच्या. आधी चारही कापून ठेवायच्या नाहीत. घाई असली तरी नाही.

सुनेनं किनार लावायची ही रीत तुमच्या गावाची नाही, तुमच्या घराचीही नाही. काकूंच्या माहेरची आहे, रामटेकच्या बाजूची, त्यांच्या आजीनं घरात सुरू केलेली. तुला माहीत आहे की नाही, मला शंका आहे, कारण आम्ही गोधडीबद्दल बोलायला लागलो की तू फोन घेऊन बाहेर जायचास. अर्धी गोधडी मुलीकडून, अर्धी मुलाकडून. दोन्ही घरं आपापला अर्धा भाग आपल्या साड्यांचा, सगळे थर घालून पुरता शिवतात. मग ते मधोमध जोडायचे. किनार मात्र लग्नानंतर, सुनेनं, सासूजवळ बसून. माझा भाग मी नागपूरला शिवला. त्यात आईच्या साड्या होत्या. ती गेल्यावर बाबांनी कपाटाला हात लावू दिला नव्हता. गोधडीसाठी म्हटल्यावर त्यांनी स्वतः चावी आणून दिली. काकूंच्या भागात त्यांची लग्नातली पांढरी साडी होती. एवढी जपलेली साडी कशाला कापता, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की पेटीत ठेवून ती पिवळी पडून राहिली, पोरांच्या अंगावर तरी राहील.

जोड आम्ही तुमच्या फरशीवर बसून घातला. त्या त्यांच्या टोकाकडून, मी माझ्या. तेव्हा मला कळलं होतं, की त्या टाका डोळ्यांनी घालत नाहीत. डाव्या हाताचं बोट आधी कापडावरून फिरायचं, मागचा टाका शोधायचं, मग सुई उतरायची. बाजूला ठेवलेली कात्री त्यांना सापडत नव्हती. समोर धरली की दिसायची. पुढच्या वेळेपासून जाताना बऱ्याच सुया ओवून नेत होते आणि त्यांच्या समोर उशीत टोचून ठेवत होते. आपण हे लपवलंय असं त्यांना वाटत होतं, आणि मी ते तसं वाटू दिलं.

पट्टी किती रुंद, हा प्रश्न पायलला पडेल. साधी किनार चार बोटांची असते. तुमची हातभर लागेल, आणि उभ्या बाजूंनी त्याहून जास्त. किनार नुसती शोभेची नसते. कमी पडणारी गोधडी तिनंच पुरी करता येते. एवढी रुंद पट्टी एकेरी चालत नाही. पुढून एक, मागून एक, आणि मध्ये जुन्या साड्यांचे थर घालून त्यावर धावदोरा मारायचा. नवशिक्याला वेळ लागेल, पण जमेल.

एवढी रुंद, कारण तुला मिळेल ती अर्धी आहे. जोड मी उसवला. तुझा निरोप वाचल्यावर दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली आणि खिडकीपाशी बसून एकेक टाका काढला. कापला नाही. काकूंचे टाके बारीक आहेत, माझ्यापेक्षा बारीक. दिसत नसताना घातलेले. त्यांच्या भागाची कड मी दुमडून पक्की केली आहे, ती निसटणार नाही. माझ्या आईच्या साड्या पायलच्या अंगावर मला नको आहेत. यात पायलचा दोष नाही, आणि तिच्याबद्दल मला काही म्हणायचंही नाही. पण त्या साड्या मागताना तुला एकदाही वाटलं नाही की त्या कुणाच्या आहेत, हे मात्र मी लक्षात ठेवणार आहे.

लग्न मोडायचा फोन तू मला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत केला होतास. पुण्याला बदली झाल्यापासून तू तसाच करायचास, म्हणून मी डबा घेऊनच बोलत होते. तू म्हणालास की मी अजून तयार नाही. कोणी दुसरी आहे का, असं मी विचारलं. तू नाही म्हणालास; ते नाव मला आता तुझ्या निरोपातून कळलं. दोन्ही घरी ‘दोघांनी मिळून ठरवलं’ असं सांगू या, म्हणजे कोणालाच त्रास होणार नाही, असं तूच सुचवलंस. मी हो म्हटलं. बाबांना तसंच सांगितलं. भांडण करून कोणाला थांबवता येतं, यावर माझा विश्वास नाही. त्यानंतर डबा संपवून मी कामावर गेले. त्या दिवशी तपासलेली सगळी मापं मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली. ती बरोबर होती.

तुला माहीत नाही ते आता सांगते. त्यानंतर काकू आमच्याकडे आल्या होत्या. एकट्या, कन्हानहून बसनं. जिला बाजूचं दिसत नाही ती बाई नागपूरच्या रहदारीत रस्ता ओलांडून आली. हातात जवसाच्या चटणीची बाटली. बाबांनी खुर्ची दिली, त्या खाली बसल्या. मला वाटलं, रागवायला आल्या आहेत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “डोळ्याचं मी पहिलेच सांगाले पायजे होतं. लपवलं. चुकलं माझं.” मला काही समजेना. मग म्हणाल्या, “तुले माझं कराव नाही लागणार, पोरी. मी बहिणीकडं राहीन. त्यापायी त्याले नको सोडू.”

हे कोणी सांगितलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो सांगतच नव्हता, मीच खोदून खोदून काढलं. त्याच्यावर रागावू नको. म्हणजे तू दोघांनी मिळून ठरवल्याचं माझ्याकडून कबूल करून घेतलंस, आणि घरी सांगितलंस की चारुशीलाला आंधळ्या होणाऱ्या सासूचं करायचं नाही. तेही असं, की त्यांना वाटावं, मुलगा मला पाठीशी घालतो आहे.

मी त्यांना खरं सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तू त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार होतास. ज्याच्या दंडाला धरून चालायचं, तो खोटं बोलतो हे त्या वेळी सांगून काय झालं असतं, याचा मी विचार केला. मी एवढंच म्हटलं की काकू, तुमच्या डोळ्यांचा यात काही संबंध नाही. चांगल्या घरच्या माणसाचं खोटं आपण ऐकून घेतो, तशी त्यांनी मान हलवली. मग चहा घेतला. बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर बाबांनी मला काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून विचारलेलं नाही. मी आंधळ्या होणाऱ्या सासूला टाळलं, हे खरं आहे असं त्यांनाही वाटतं.

तेव्हा तो निर्णय मला योग्य वाटला होता. तुझ्या निरोपातल्या त्या शेवटच्या वाक्यानंतर वाटत नाही. डॉक्टरांनी काकूंना शिवू नका असं सांगितलेलं नाही, हे मी त्यांच्या शेजारणीला फोन करून विचारलं. थेंब चालू आहेत, नजर आहे तेवढी टिकली आहे. त्यांनी सुई स्वतःच खाली ठेवली आहे. आपल्या डोळ्यांनी मुलाचं लग्न मोडलं, आता दुसऱ्या सुनेला डोळ्यांचं कळू नये, म्हणून. पायलला शिकवायला त्या तयार नाहीत याचं कारण हे आहे, आणि ते कारण तू तयार केलं आहेस.

म्हणून गोधडी मी कुरिअरनं पाठवणार नाही. शनिवारी तू घरी येतो आहेस असं निरोपात आहे. रविवारी सकाळच्या बसनं मी कन्हानला येते आणि ती काकूंच्या हातात देते. बाबाही सोबत असतील. काकू तिच्यावरून हात फिरवतील आणि बोटांना कळेल की ती अर्धी आहे. मग त्या विचारतील. लग्न का मोडलंस ते सगळं तू शनिवारी त्यांना सांगितलं असशील, तुझ्या तोंडानं, पायलचं नाव घेऊन, तर मी चहा घेईन, त्यांच्याजवळ बसून किनारीचं मधलं माप घेऊन देईन आणि परत येईन. सांगितलं नसशील तर मी सांगेन. तू समोर असलास तरी, पायल असली तरी. लग्न तू कर, मला त्यात काही मोडायचं नाही. तुझं काही परत नको आहे. त्या बाईनं आपल्या डोळ्यांची माफी मागणं थांबवावं, एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. तुझ्याकडे शनिवारचा दिवस आहे.

तुझ्या आईची,
चारुशीला