शोकाकुलांत माझं नाव

नॉरशॉपिंग, ८ मार्च २००९

ति. शेफिका मावशीस,
सा. न. वि. वि.

नवीन वर्षानंतर पत्र नाही म्हणून तू मला शिव्या घालत असशील. घाल, तेवढा हक्क आहे तुला. इथे अजून बर्फ आहे आणि तुझ्या हातची कॉफी मात्र नाही.

तील्दाच्या शाळेत घराण्याचा तक्ता करायला सांगितलाय. प्रत्येक नावाखाली जन्म आणि मृत्यू. आईच्या नावापाशी येऊन माझा हात थांबला. ती नक्की कधी गेली, हे मला माहीत नाही गं मावशी. नऊ वर्षांच्या पोरीसमोर तसं सांगताना जीव नकोसा झाला. बाबा एवढंच म्हणायचे की युद्धातल्या कुठल्याशा हिवाळ्यात गेली. शेवटच्या आजारपणातही त्यांचं तेच पालुपद होतं, की तिने तिची माणसं निवडली, आपण दोघं तिची नव्हतोच.

म्हणून मी कामेनिकच्या वर्तमानपत्राला लिहिलं, की मूनिरा वुकोये हिची निधनवार्ता शोधून द्या. तिथल्या बाईंचं उत्तर आलं की युद्धाच्या काळातले सगळे अंक चाळले, या नावाचं कोणी गेलेलं नाही. मला नुसती तारीख नकोय. खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं छापतात ना, त्यात माझं नाव होतं का, तेवढं पाहायचंय. म्हणजे बाबा खरं बोलत होते की खोटं, ते एकदाचं कळेल.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
वेद्रान

*

कामेनिक, २९ मार्च २००९

चि. वेद्रान यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, सतरा वर्षं परदेशात राहून आपल्या गावचं इतकंही विसरलास? वुकोये आडनाव दिल्यावर ती बाई काळ्या चौकटीच बघणार. क्रूसाच्या, काळ्या, तुझ्या बापाकडच्यांच्या. माझी बहीण काळ्या चौकटीत कशी सापडेल? हिरव्या चौकटीत बघायला सांग, चंद्रकोरीखाली. आणि नाव मूनिरा पाशालिच सांग. माहेरचं.

ती अकरा जानेवारी पंचाण्णवला गेली. छातीत कफ झाला होता, औषध नव्हतं. आणि तुझ्या बापाबद्दल आता काय बोलू, मेलेल्या माणसाला. पण तिने माणसंबिणसं काही निवडली नव्हती रे. आमची आई अंथरुणाला खिळलेली, तिला गाव सोडणाऱ्या बसमध्ये घालणार कसं? मूनिरा तुझ्या बापाला, नेदेल्कोला, म्हणाली की तुम्ही दोघं पुढे व्हा, आईचं आटोपलं की मी आलेच. आईचं आटोपलं, तोवर रस्ते बंद झाले. नेदेल्कोला हे सगळं ठाऊक होतं. बायकोला मागे ठेवून आलो हे सांगण्यापेक्षा तिनेच सोडलं म्हणणं त्याला सोपं गेलं असेल.

तो कागद मिळाला तर तारीख उतरवून घे आणि बाजूला ठेव. खालचं वाचत बसू नकोस. ऐक माझं.

तुझा मामा रासिम बरा आहे. मी अजून त्याच्याच खालच्या खोलीत. गुडघे कुरकुरतात, तोंड चालू आहे. पोरीला माझा पापा दे आणि म्हातारीला विसरू नकोस.

तुझी मावशी,
शेफिका

*

नॉरशॉपिंग, १७ मे २००९

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

वाचू नकोस म्हणालीस, म्हणून आधी तेच वाचलं. शोकाकुल: भाऊ रासिम, बहीण शेफिका, भावजय, भाचरं आणि समस्त पाशालिच परिवार. कुठली भाचरं गं? मामाचा एकुलता एल्विर तर तेव्हा गेलेला होता. नवरा नाही. मुलगा नाही. परक्या बाईचा कागद वाचावा तसा वाचला मी तो.

मग नोंदणी कचेरीतून मृत्यूचा दाखला मागवला. त्यावर लिहिलंय: मूनिरा पाशालिच, अविवाहित, अपत्य नाही. माहिती देणारा, भाऊ. माझ्या जन्मदाखल्यावर आई मूनिरा वुकोये. तिथला कारकून म्हणतो की या दोन बाया असू शकतात. तिकडच्या कचेरीत लग्नाची नोंद होती, ती जळाली. या दोघी एकच, असं तिच्या सख्ख्या भावाने किंवा बहिणीने समोर येऊन शपथेवर सांगितलं, तरच दुरुस्ती होईल.

मला घर नको, जमीन नको. मामा सगळं ठेवून घेऊ दे. मला आई हवी, कागदावर तरी. तू ऊठ आणि जा. तुझ्या घरापासून कचेरी हाकेच्या अंतरावर आहे.

रागात लिहिलंय, पण राग तुझ्यावर नाही. उत्तराची वाट पाहतो.

वेद्रान

*

कामेनिक, १४ जून २००९

चि. वेद्रान यास,
अ. उ. आ.

हाकेच्या अंतरावर असलं म्हणून काय झालं. मी चौकापर्यंत गेले आणि परत आले. कचेरीच्या दारात चौघीजणी ओळखीच्या भेटल्या, त्यातल्या दोघी मूनिराच्या तवहीदला, मागून बायका करतात त्या प्रार्थनेला, माझ्या शेजारी बसून रडलेल्या. त्यांच्यासमोर जाऊन काय सांगू, की आम्ही भावंडांनी मिळून बहिणीला कुमारी म्हणून पुरलं?

रासिमला विचारलं. तो जेवत होता, त्याने पिटाचं ताट दूर सारलं. म्हणाला की कचेरीत जायचं असेल तर खुशाल जा, पण सामान घेऊनच जा, परत यायला हे दार नाही. तो उगीच बोलत नाही, माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला.

वेद्रान, मी अडुसष्ट वर्षांची आहे. नवरा नाही, मूल नाही. या खोलीत चूल आहे, खिडकीत दोन कुंड्या आहेत, आणि वर कोणीतरी चालतंय याचा आवाज येतो. एवढंच आहे माझ्याकडे. तुझी आई तुझीच होती, हे मी तुला लिहून दिलं, ते पुरे कर. कारकुनाला कळलं काय आणि न कळलं काय?

आलुबुखाऱ्याचा मुरंबा पाठवलाय. बाटली फुटली नाही तर कळव. रागावू नकोस, आणि माया पातळ करू नकोस.

मावशी

*

कामेनिक, २ जुलै २००९

चि. वेद्रान वुकोये यास,
आशीर्वाद.

माझ्या बहिणीला तू जी पत्रं लिहितोस ती माझ्या घरात येतात, म्हणून हे लिहितो आहे.

चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात मी बेकरीजवळच्या लिंडनच्या झाडावर माझ्या एल्विरच्या निधनाचा कागद लावला. तो एकोणीस वर्षांचा होता. गोळी पलीकडच्या डोंगरावरून आली. डोंगरावर कोण होते ते तुला सांगायला नको. तुझ्या बापाचे दोन पुतणे त्यांत होते. महिन्याभरात मूनिरा गेली. तिचा कागद त्याच झाडावर, माझ्या मुलाच्या कागदाशेजारी लावायचा होता. तिथे वुकोये हे नाव मी लावले नाही. आजही लावणार नाही. कचेरीतही नाही.

तू तेव्हा मुलगाच होतास, हे मला कळते. तुझा माझ्याशी काही दावा नाही, माझाही तुझ्याशी नाही. फक्त तुझे नाव माझ्या दारात आणू नकोस.

कुशल असावे.

रासिम पाशालिच

*

नॉरशॉपिंग, ६ सप्टेंबर २००९

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

मामाचं पत्र मिळालं. दोन महिने मी ते खिशात घेऊन फिरलो. एल्विर आणि मी एकाच सायकलवरून नदीवर जायचो, हे तो विसरला का? त्याच्या दुःखापुढे मी काय बोलणार? पण त्याचा मुलगा निदान त्याच्या नावावर तरी मेला. मी जिवंत असून माझ्या आईला अपत्य नाही.

मावशी, मी तुला पुन्हा विचारतोय, आणि हे शेवटचंच. मामाने बाहेर काढलं तर मी आहे. गाडी घेऊन येतो, तुला इथे आणतो. तील्दाची खोली मोठी आहे, तुझ्या कुंड्यांसकट मावशील. हा नुसता शब्द नाही. तू तेवढी शपथ घे, बाकी माझ्यावर सोड.

उत्तर काय येतं ते बघतो. माझ्यावरचा लोभ असाच राहू दे.

तुझाच,
वेद्रान

*

कामेनिक, २२ नोव्हेंबर २००९

चि. वेद्रान यास,
अ. उ. आ.

गेले एकदाची. सणावाराचा रुमाल बांधला, चांगला कोट घातला आणि गेले. कारकून पोरगेला, मोबाइलवर खेळत होता. त्याला सांगितलं की मूनिरा पाशालिच आणि मूनिरा वुकोये ही एकच, माझी सख्खी बहीण. तिच्या लग्नात मी नाचले आणि तिच्या मुलाच्या पायाला पहिले मोजे मीच विणले. त्याने विचारलं की मग आधी का नाही आलात. मी म्हटलं, बाबा, तुला ते कळायचं नाही, तू लिही. त्याने लिहिलं. नवरा नेदेल्को, मुलगा वेद्रान. मी सही केली. बाहेर पायरीवर बसून पोटभर रडले, लोक बघत होते तरी.

घरी आले तर कुंड्या फाटकाशी ठेवलेल्या. रासिम वरच्या खिडकीत उभा होता. ओरडला नाही, शिवी दिली नाही. खिडकी लावून घेतली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं रे, त्याच्या तोंडावर मी पण दोन शब्द बोलले असते.

आता मी गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात आहे. खोलीत आम्ही तिघी. एक सारखी दारं मोजते, दुसरी माझी साखर चोरते. कॉफी म्हणून जे देतात ते बशीत सांडलं तरी डाग पडत नाही. दुरुस्त दाखला सोबत जोडला आहे. बघ, आता तू मूनिराचा.

तू येणार म्हणाला होतास. सामान फार नाही, एकच बॅग. कधी येतोस ते कळव, म्हणजे इथल्यांना सांगून ठेवते.

वाट बघणारी,
मावशी

*

नॉरशॉपिंग, २१ फेब्रुवारी २०१०

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. दाखला हातात आला त्या दिवशी मी कामावर गेलोच नाही. तो चौकटीत घालून भिंतीवर लावलाय. तुझे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

येण्याचं जरा अवघड झालंय. तुला इथे आणायचं तर परवानगीचे कागद लागतात. आई किंवा वडील असते तर झालं असतं, मावशी त्यात बसत नाही म्हणतात. वकील म्हणाला की आशा ठेवू नका. घरातही सध्या जागेची ओढाताण आहे, बायकोची आई येऊन राहिली आहे. उन्हाळ्यात भेटायला यायचं बघतो, सुट्टी मिळाली तर.

आनंदाची बातमी म्हणजे तील्दाच्या तक्त्याला शाळेत पहिलं बक्षीस मिळालं. फोटो सोबत आहे. आईचं नाव तिने स्वतः हिरव्या शाईने लिहिलंय. बाईंनी सरळ रेषेतलीच माणसं घ्यायला सांगितली होती, आई, आजी, पणजी अशी, म्हणून बाकीच्यांना त्यात जागा नाही. पण तील्दा सगळ्यांना सांगते की हे मावशीआजीमुळे झालं.

तब्येत सांभाळ. लोभ कायम राहो, ही विनंती.

तुझा,
वेद्रान

*

कामेनिक, १४ मार्च २०१०

चि. वेद्रान यास,
अ. उ. आ.

तक्ता बघितला. सुरेख काढलाय पोरीने. खोलीतल्या दोघींना दाखवला. साखर चोरणारीने विचारलं की यात तू कुठे आहेस. मी म्हटलं, माझा चष्मा सापडत नाही, मग सांगते.

उन्हाळ्यात येण्याचं ओझं घेऊ नकोस. तू येणार नाहीस, हे मला कचेरीच्या पायरीवरच कळलं होतं. तरी बॅग भरून ठेवली होती. काल उपसली.

एक काम मात्र कर. इथे कोणी गेलं की आश्रमवाले नातेवाइकांना विचारून कागद छापतात. रासिम काही छापणार नाही. तेव्हा तुलाच विचारतील, मी तुझा पत्ता देऊन ठेवलाय. हिरवी चौकट सांग. शेफिका पाशालिच लिही, अविवाहित लिही, अपत्य नाही लिही, माझ्या बाबतीत ते सगळं खरं आहे. खाली शोकाकुल म्हणून फक्त तुझं नाव घाल. दुसरं घालायला कोणी उरलेलं नाही, आणि तुला तुझं नाव तिथे हवंच होतं.

मुलीला आशीर्वाद.

शेफिका