फेक म्हणजे फेकणं न्हाई

मंगळवार, २ डिसेंबर

कापसाची वेचणी निम्मी राहिली. बाया मिळत नाहीत.

सून लिहायला बसली आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. दहावी पास आहे, तिचं चालू द्या. पण नवऱ्याचं नाव लिहीत नाही. मी दिगंबर म्हटलं की ती 'हे' लिहिते. म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार, माझ्या पोटचा पोरगा नसून माझाच नवरा. आज तोडगा काढला, नुसतं 'दि.' लिहायचं. एका अक्षरात कुठला नवरा दिसतोय.

नात परभणीहून दुपारीच परत. पल्लवी. कॉलेजातून रोज संध्याकाळच्या ऑटोनं येते. विचारलं तर म्हणे डोकं दुखतंय. मोबाईल पालथा घालून ठेवलेला. मी म्हटलं, "काय गं, ताप आला का त्याला, असा झोपवलायस?"

हसली नाही. माझ्या चेष्टेला न हसणारी ही पोरगी नव्हे.

गुरुवार, ४ डिसेंबर

कालचं आणि आजचं एकदमच. काल पल्लू म्हणाली, आईला सांगू नको. मग लिहिणार कोण? ज्याला लिहिता येत नाही त्याला सुनेपासून काही लपवून ठेवता येत नाही. आज सगळ्यांनाच कळलं, आता लिही बाई.

काल मी डाळ निवडत होते. पल्लू शेजारी येऊन बसली. "आजी, माझा एक घाण फोटो हाय एका माणसाकडं. फेक हाय तो."

"मग फेक की."

"फेकू?"

"घाण घरात ठेवायची असती का?"

फेकायच्या आधी मी बघायला मागितला. देत नव्हती. घेतलाच. अंगावर चिंधी नाही. तोंड मात्र आमच्या पल्लूचं, गालावर हळद. मी म्हटलं, "ही तर नंदाच्या हळदीतली तू. तुझ्या शेजारी मी होते की."

"व्हय."

"मग मला कापलं का त्यानं?"

तेव्हा हसली. हसता हसता रडली. म्हणाली, कंप्युटर करतो हे, कुणाचंबी तोंड कुणाच्याबी धडाला लावतो. कोण माणूस, माहीत नाही. नुसता नंबर. रोज लिहायचा, कपडे काढून व्हिडिओवर ये, न्हाईतर गावाच्या ग्रुपवर टाकतो. ही गेली नाही. उत्तरच दिलं नाही. चांगलं केलं. पण जेवणही सोडलं होतं, ते कुणाच्या बापाचं नुकसान?

मग तिनं पटापट बोटं मारली. फोटो गेला, त्या माणसाचं लिहिलेलं सगळं गेलं. मला वाटलं, झालं, घर झाडून काढलं.

आज दत्तजयंती. ग्रुपवर पालखीचे फोटो चाललेले, त्यात मधेच हा. दि. ओट्यावर मोबाईल बघत बसला होता. आत आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"उद्यापासून कॉलेज बंद. परीक्षा न्हाई आन काय न्हाई."

पल्लू म्हणाली, "पप्पा, पंधराला पेपर हाय माझा. ती मी न्हाई."

तो तिच्याकडं बघेना. मेहुण्याला फोन लावला, पोरगा बघा म्हणाला, कसाबी असू द्या.

सून इथं थांबली. म्हटलं, रडून लिही, पण लिही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

उज्ज्वलाला मीच निरोप धाडला. आमच्या गावातली, परभणीच्या कोर्टात वकिली करते. सकाळी गाडीवरून आली. "जयभीम आजी. कुठाय आपली पोरगी?" 'तुमची' म्हणाली नाही. ते मी ऐकून ठेवलं.

दि. कापसाच्या ढिगाआडून बाहेर आला नाही.

उज्ज्वलानं पल्लूला पहिलं हेच सांगितलं, "तुझी चूक काडीची न्हाई. हे पाठ कर." मग म्हणाली, "त्याचे मेसेज, फोटो, नंबर, सगळं ठेवलंस ना?"

पल्लूनं माझ्याकडं बघितलं.

"आजीनं फेकायला सांगितलं."

"आजी, तुमी?"

"तीच म्हणली की फेक हाय."

उज्ज्वला कपाळाला हात लावून बसली. "आजी, फेक म्हणजे खोटा. इंग्रजी शब्द हाय तो."

"मग खोटा म्हणायचं सरळ. मराठी बाईला फेक म्हटल्यावर ती फेकणारच."

सुनेनं तोंडाला पदर लावला. रडते वाटलं, तर हसत होती. पण हसण्यासारखं काही नाही. पुराव्याशिवाय तक्रार लंगडी पडते म्हणे. माझ्या एका शब्दानं पोरीचा पुरावा उकिरड्यावर.

ग्रुपवर असेल की? नाही. ग्रुपवाल्यानं कालच त्या नंबराला काढलं आणि सगळ्यांना दम भरला, आपापल्या मोबाईलमधून डिलीट मारा, न्हाईतर तुमालाबी काढीन. गावानं मारलं. एरवी ग्रामसभेला बोलावलं तर चार टाळकी येत नाहीत.

शनिवार, ६ डिसेंबर

उज्ज्वला आज परभणीला, सहा डिसेंबरच्या कार्यक्रमात. जाताना सांगून गेली, कुणाकडं राहिला असंल तर बघा. पण कुणाला पुढं पाठवायला लावू नका, मलासुदिक न्हाई. पाठवणाराबी गुन्ह्यात येतो. अख्खा मोबाईलच घेऊन चला.

तर मी घरोघर. या वयात भल्या भल्या माणसांना विचारत फिरले, बाबा, तो घाण फोटो आहे का तुझ्याकडं?

कुणाकडं नाही. सरपंचाच्या भावानं तर शपथ घेतली, पोखर्णीच्या नरसिंहाची. "माय, मी उघडूनबी बघितला न्हाई."

"मग काय होतं त्यात ते कसं कळलं तुला?"

त्यानं आत चहा टाकायला सांगितलं.

किराणावाला म्हणाला, त्याचा मोबाईल त्या दिवशी बंदच होता. सगळं गाव एका दिवसात साधुसंत झालं. एरवी बरं वाटलं असतं. आज एखादा तरी वंगाळ निघावा म्हणून जीव तळमळत होता.

पाय दुखतात. सून तेल लावून देते म्हणाली. आधी लिही म्हटलं.

रविवार, ७ डिसेंबर

निघाला एक. आणि कोण निघावा, बापूराव. भजनात वीणा घेऊन उभे राहतात ते.

दिवेलागणीला मागच्या दारानं आले. धोतराच्या सोग्यात काहीतरी धरलेलं. "वहिनी, माझ्याकडं राहिलंय ते."

"काय राहिलंय?"

"ते ओ. सगळे म्हणायलेत काढा काढा. मला काढता येत न्हाई. कुणाला काढून दे म्हणावं, तर त्यो बघंल. म्हणून त्या दिवसापासून जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवलाय मोबाईल. पोरगा पुण्याहून फोन लावायलाय, मी उचलंना, त्यो घाबरलाय तिकडं."

मोबाईलवर जोंधळ्याची भुशी. मी पुसला. पल्लूला हाक मारली. तिनं उघडला. सगळं जागच्या जागी, फोटो, तारीख, वेळ, नंबर. खाली त्या माणसानं लिहिलेलं पल्लूनं वाचून दाखवलं, ओळखा कुणाची पोरगी. चार दिवसांपूर्वी तेच ऐकून अंगावर काटा आला असता. आज पेढे वाटावेसे वाटले.

बापूराव भिंतीकडं तोंड करून उभे. "मी बघितलं न्हाई, पोरी."

पल्लू म्हणाली, "बघितलं असलं तरी चालतंय आजोबा. ती मी न्हाई."

मला वाटतं हे ती पहिल्यांदाच न रडता बोलली.

सोमवार, ८ डिसेंबर

परभणी. दि. येत नाही म्हणाला. सून म्हणाली, "मी येते." नवऱ्याला न विचारता पायात चप्पल घातली. (हे लिहू नका म्हणते. मी कुठं लिहिते, तूच लिहितेस.)

ऑटोत पल्लू, सून, मी आणि धुतलेली टोपी घालून बापूराव. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांनी धरलेला, वीणा धरतात तसा.

उज्ज्वलानं आधी कंप्युटरवर सरकारी तक्रार टाकून घेतली. मग पोलिसांच्या सायबरच्या ऑफिसात. बाई साहेब होत्या, तरुण. मोबाईल बघितला, नंबर उतरवला. विचारलं, हा चेहरा कुठून उचलला असेल? पल्लूनं हळदीचा मूळ फोटो दाखवला. मग फोटोत शेजारी कोण ते विचारलं. मी म्हटलं, मी. तोंड तेच, कान तसाच, गालावरचा हळदीचा फराटा तिथंच. फक्त मी नाही आणि साडी नाही. बाई म्हणाल्या, मूळ फोटो दिलात हे फार बरं केलंत.

म्हटलं, "साहेब, मला कापलं त्याचीबी तक्रार घ्या."

हसल्या. चहा मागवला. माझा जबाब लिहून वाचून दाखवला, खाली अंगठा घेतला.

मग उज्ज्वलाच्या ऑफिसात. तिथं समजलं की फोटोचाही अंगठा घेता येतो. तो ठसा तेवढा कंपन्यांकडं जातो, फोटो आपल्याकडंच राहतो. पुढं कुणी तो फोटो चढवायला गेला की ठसा जुळतो आणि दारातच अडवतात. सगळ्या कंपन्या ऐकत नाहीत, ज्या ऐकतात तिथं तरी. मला लगेच कळलं. जन्मभर अंगठाच दिला, शिकलेल्यांना समजावून सांगावं लागलं असतं.

बुधवार, १० डिसेंबर

तो फोटो नेटवर आणखी एके ठिकाणी चढला होता. पल्लूच्या मैत्रिणीनं कळवलं. पल्लूनं आधी तो कुठं आहे ते जपून ठेवलं, मग तक्रार केली. संध्याकाळी काढला त्यांनी. आता मला विचारत नाही, काय ठेवायचं आणि काय फेकायचं. शहाणी झाली.

दि. तसाच. मेहुण्यानं जिंतूरकडचं स्थळ आणलंय. पोरगा काय करतो विचारलं तर म्हणे, घरचं बघतो. म्हणजे घराकडं बघत बसतो.

मी म्हटलं, "डिग्या, पोरगी तुझ्यापुढं उभी राहून सांगायलीय, ती मी न्हाई. तू काय बघितलंस?"

म्हणाला, "माय, माझ्या डोळ्यानं बघितलंय."

डोळ्यांचंच भांडण आहे हे. कानानं सुटायचं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज मजा केली. पल्लूला विचारलं, "तसलं करायला किती वेळ लागतो?"

"चहा उकळंस्तोवर."

"मग चहा ठेव."

दि.चा मोटारसायकलीवरचा फोटो होता. तो घेतला. कुस्तीचा एक पैलवान शोधायला लावला, लंगोट लावलेला, मांड्या अशा की एकेका मांडीत आमचा दि. दोनदा बसेल. पल्लू नको म्हणत होती, पप्पा चिडतील. म्हटलं, चिडायचं ते चिडून झालंय त्याचं, आता काय शिल्लक आहे.

दि. चहाला आला. मी मोबाईल पुढं केला. "हे काय रे? तालमीत कवा जायला लागलास?"

त्यानं बघितलं. छातीवर तेल, दंडाच्या बेडक्या, वर त्याचंच तोंड, मिशीसकट. घाम कपाळावर खरा वाटावा असा. सून पदरात तोंड घालून चुलीकडं वळली.

"हे मी न्हाई."

"तुझंच तोंड हाय की."

"माय, मी न्हाई ना. माझं अंग बघ की. लंगोट बापजन्मी लावला न्हाई."

"मग गावाच्या ग्रुपवर टाकू का? तुझ्या डोळ्यानं बघायलास की."

चहा निवला. तो मोबाईल हातात धरून बसला, बोटांनी मोठं करून बघत, मानेपाशी, जिथं त्याचं संपतं आणि पैलवानाचं सुरू होतं. सांधा सापडेना. पल्लू दाराशी उभी होती. शेवटी तिच्याकडं बघितलं त्यानं. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

"पेपर कवा हाय म्हणलीस?"

"सोमवारी."

"हं," म्हणाला. आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. आमच्याकडं आता बैल नाहीत. गोठ्याकडं जायचं म्हणून गेला. बराच वेळ आला नाही. मी कुणाला जाऊ दिलं नाही तिकडं.

सोमवार, १५ डिसेंबर

दि.नं स्वतः गाडीवर नेलं पल्लूला. झाडाखाली बसून राहिला पेपर सुटेपर्यंत. मेहुण्याला आधीच फोन करून सांगितलं, स्थळ नको. कारण विचारलं तर म्हणाला, पोरीचा पेपर हाय. एवढंच कारण. मला पुरलं.

कॉलेजात दोन पोरी बोलल्या नाहीत म्हणे. बाकीच्या शेजारी बसल्या. एकीनं कानात सांगितलं, माझापण केला होता कुणीतरी, मी घरी बोललेच नाही. पल्लूनं तिला उज्ज्वलाचा पत्ता दिला.

पेपर कसा गेला? "बरा." म्हणजे चांगला. वाईट गेला की ती 'चांगला' म्हणते.

सून आज भरभर लिहितेय. हात हलका झालाय तिचा.

शुक्रवार, १९ डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. माझं माहेर लातूरकडचं, म्हणून हा सण मी इकडं आणला. इथं सगळेच करत नाहीत, आमचं शेत करतं. पाच दगडांचे पांडव मांडले, वर कडब्याची कोप केली, भज्जी, बाजरीचे उंडे, मडकंभर ताकातली आंबील. ज्यांना शेत नाही त्यांनाही बोलवायचं, असा रिवाज.

रात्रीपासून एकच घोर होता, लोक येतील का. दि. तर म्हणत होता, औंदा घरच्या घरीच करू. पल्लू म्हणाली, "न्हाई पप्पा. दरसालसारखं."

आले. सगळ्यांत आधी बापूराव. मग उज्ज्वलाची आई आणि ती. किराणावाला. सरपंचाचा भाऊसुद्धा, खाली मान घालून. पल्लूनं वाढलं. काही बाया तिच्याकडं टक लावून बघत होत्या, तर तिनं त्यांच्याच ताटात भज्जी जास्ती टाकली. एकीनं जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पंगत बसलेली असतानाच पल्लूचा फोन वाजला. सायबरच्या बाई. पल्लू वाढायचं पातेलं खाली ठेवून बांधावर गेली. परत आली तेव्हा दि.नं विचारलं, "काय म्हणतात?"

"नंबर कुणाचा ते कळलंय. सोमवारी या म्हणाल्या, ओळखता का बघायला."

"म्हणजे आपल्या वळखीचा हाय?"

"ते न्हाई सांगितलं."

सुनेनं पंगतीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दि.नंही. सगळे खाली मान घालून जेवत होते, हात आंबिलीत. मी नाही बघितलं. जेवायला बोलावलेल्या माणसांकडं तसं बघायचं नसतं, आणि सोमवार काही लांब नाही. मी पल्लूला म्हटलं, त्या टोकाला आंबील पोचली न्हाई बघ.

ती पातेलं उचलून गेली.