गरुडाच्या चित्रातला हात

३ जानेवारी १९५८, नाते
चुलतभाऊ शांत्या मुंबईहून आला. सिनेमाच्या गोदामात कारकून, पण तोरा मालकाचा. दारातूनच ओरडला, "ताई, तुझं पिक्चर गावलं!"
गोऱ्या साहेबाचं जुनं मुकं चित्र. गरुड, त्याला उडवणारा बाजदार, शिकार. पाचाडला गडाखाली घेतलं तेव्हा मी वर्षाची. गरुडापुढे ठेवलेलं मूल ते मीच. खांद्यावर वण आहे. शाळेतली कार्टी पाठीमागे 'गरुडबाई' म्हणतात. म्हणेनात.
पण त्यात आई असणार. बा जन्मभर सांगत आलाय, "खडकाआड बसून तुझा पाय धरून व्हती गो. सोडला नाय." नंतर वर्षाच्या आत वरंधला माहेरी तापानं गेली. फोटो एकही नाही. तिचं तोंड कसं होतं, मला ठाऊक नाही.

५ जाने.
बा नको म्हणतोय. "मला काय दिसतंय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू." मी सांगत बसेन म्हटलं. तर, "जुनं कशाला उकरतेस?"
कमाल आहे! तीस वर्षं ओट्यावर बसून अख्ख्या गावाला तेच सांगितलं की!

९ जाने.
शांत्याने महाडच्या टॉकीजवाल्याला पटवलं. रविवारी मॅटिनीच्या आधी. शाळेत मुलांवर उगाच खेकसले. आईचं नाक माझ्यासारखं असेल का, एवढंच डोक्यात.

१२ जाने., रविवार
एसटीने महाड. आत बा, मी, शांत्या. आवाज फक्त मशीनचा.
आधी बाजदार. दाढीवाला, परमुलखातला. हातात चामड्याचा मोजा, मनगटाला काळी वादी दोनदा गुंडाळलेली. गरुडाच्या डोळ्यांवरची टोपी काढली की तो सशावर.
"टोपी काढली काय?"
"काढली, बा."
मग इंग्रजी पाटी, 'सह्याद्रीचा रानटी गरुड'. धडधडीत थाप! पेटीत घालून उत्तरेतून आणलेला, आमच्याच कोंबड्या खाऊन माजलेला. बानेच सांगितलेलं. आपल्या कड्यांवर घारी नि गिधाडं, बास.
मग खडक. मी. तोंड वासून रडतेय, आवाज नाही. गरुड आला. पावडर थापलेली एक मुंबईची बाई केस सोडून कपाळ बडवत धावली. ही नव्हे. मी खडकाच्या कडेला बघत राहिले. मुलाने पाय झाडला आणि मागून हात आला, घोटा धरला. मनगटावर काळी वादी, दोनदा गुंडाळलेली.
संपलं.
"हात दिसला काय गो?"
"दिसला."
"बांगड्या?"
म्हाताऱ्याला काय सांगणार? "होत्या, बा. हिरव्या." काळ्या-पांढऱ्या चित्रात हिरव्या! शांत्या खोकला.
स्टँडवर बा म्हणाला, "खोटं बोलतेस. ती नव्हतीच तिथं."

१३ जाने.
शाळेत गेले नाही. सगळं विचारून घेतलं. आई गवत कापायला गेलेली, बाने मला परस्पर उचलून नेलं. तिला संध्याकाळी कळलं. खांदा बघितला आणि मला घेऊन वरंधची वाट धरली. परत आली नाही. त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. ती गेल्यावर यानेच मला आणलं.
"का केलंस?"
"साहेबानं समद्यांत मलाच निवडला गो."
पैशासाठी म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.
"आणि तू कुठं होतास?"
"गरुडाची दोरी धरून."
म्हणजे बापाच्या हातात गरुडाची दोरी. माझा पाय धरला एका परक्या माणसाने, ज्याला माझं नावही—

१६ जाने.
त्याला वाढते, आंघोळीचं पाणी काढते. बोलत नाही. आईचंच चालवतेय म्हणायचं. राग येतो तो याचा, की खोटं होतं तेव्हा मला आई होती.

१९ जाने.
शांत्या उद्या जाणार. गोदामातली जुनी रिळं भंगारात देणार, वितळवून बांगड्या करतात म्हणे. मला हसू फुटलं, थांबेना. शांत्या घाबरला. "ताई, एक तुकडा कापून आणू का? तुझा आणू, की त्या हाताचा?" सांगते म्हटलं. अजून सांगितलं नाही.
संध्याकाळी शेजारची सखूवहिनी आली. ओट्यावरूनच, "पिक्चर बगितलंस ना गो? आय दिसली काय?"
बाने तोंड माझ्याकडे फिरवलं. दिसत काही नाही त्याला, तरी फिरवलं.
"थांबा हं वहिनी, दूध उतू जातंय," म्हणून आत आले. चुलीवर दूध नव्हतंच. बराच वेळ चुलीपाशी बसून राहिले. वहिनी अजून बसलीय.