बाबांच्या दुकानाची साइट

४ तारीख, मंगळवार

साइट उघडली. आपल्या दुकानाची. तीन वर्षांत पहिल्यांदा!

भाऊजींनी बनवली होती, ताईशी लग्न झाल्या झाल्या, नव्या जावयाच्या जोशात. पहिल्याच पानावर बाबांचा फोटो — डोळे मिटलेले. कोणी बघितलंच नाही. त्याखाली सोफ्यांच्या जोड्या, 'आधी' आणि 'नंतर'. आधी: नवं कापड, ताठ उशा, चकाचक. नंतर: फाटका, काथ्या बाहेर, स्प्रिंग लोंबतेय. सगळ्या जोड्या अशाच! बाबांनी मोबाइलमधून फोटो पाठवले, ताजे वर, जुने खाली. भाऊजींनी त्याच क्रमाने चिकटवले. म्हणजे तीन वर्षं आम्ही जगाला सांगतोय — चांगला सोफा आणा, वाट लावून देतो.

शेजारच्या दुकानातले चष्मेवाले काका हसून हसून स्टुलावरून पडायचे बाकी होते. मी पण हसलो. म्हणजे तोंड हसलं. आत काही हललं नाही.

५, बुधवार

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांना आज हॉस्पिटलमधून घरी आणलं. उजवा हात गेलाय, बोलणं गेलंय. कळतं सगळं. मान हलवतात — हो, नाही. भात नको, पाणी हवं. बस.

ताई फोनवर — "महिनाअखेरपर्यंत बघू. काम आलं तर ठीक. नाहीतर चावी मालकांना परत. बंद दुकान किती दिवस धरून बसणार?"

आई मागून — "अगं, दुकान म्हणजे त्यांचा जीव आहे!"

"मला कळत नाही का आई? पण करणार कोण?"

मी म्हटलं, मी काम आणतो. साइटवरून.

"तू? माकडा, खेळ वाटतो का तुला?"

बाबा आतल्या खोलीत छताकडे बघत होते. दार उघडंच होतं.

७, शुक्रवार

साइटवरचा फोन नंबर चुकीचा! एक आकडा भलताच. लावून बघितला. एक बाई खेकसल्या, "सोफा का? अहो, मी शिक्षिका आहे! तीन वर्षं लोकांना सांगून सांगून जीभ झिजली माझी!"

म्हटलं, मॅडम, मीच तो सोफेवाला.

मग जे झापलंय! शाळेत एवढं खाल्लं नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "लोक बिचारे फार चांगले बोलायचे हो तुमच्या वडिलांबद्दल. कसे आहेत?"

बरे आहेत म्हटलं. नंबर बदलला.

१०, सोमवार

मजकूर बदलला. भाऊजींनी लिहिलं होतं — 'आम्ही दर्जेदार आसन-नूतनीकरण सेवा प्रदान करतो.' बाबांनी जन्मात काही प्रदान केलेलं नाही! मी लिहिलं — 'सोफ्यातून उठायला दोन माणसं लागतात? आम्हाला बोलवा.'

मग चष्मेवाल्या काकांच्या फोनवरून भाऊजींना मेसेज टाकला, रागावलेलं गिऱ्हाईक बनून — 'तुमच्या साइटवर बघून सोफा दिला होता. नंतरच्या फोटोसारखा फाडून का नाही दिला?' भाऊजींनी दहा ओळींची माफी पाठवली. दहा! एरवी आठवडाभर पुरली असती मला ही मजा.

वाचली. फोन परत केला. जेवलो.

११, मंगळवार

पाय बधिर होतो ना, तसं सगळं अंग. मुंग्यासुद्धा नाहीत.

१४, शुक्रवार

बाबांचा उघड्या डोळ्यांचा फोटो शोधत होतो. एकही कॅमेऱ्याकडे बघणारा नाही. सगळ्यांत सोफ्याकडे बघतायत. एक सापडला — नुसता हात, दाभण धरलेला. उजवा. लावला. मग काढला. मिटल्या डोळ्यांचाच राहू दिला.

आधी-नंतर सरळ केलं. सगळ्या जोड्या. आता सोफे बरे होतायत.

१८, मंगळवार

काम आलं!! साइटवरून! दातांचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात पेशंट थांबतात, तो बाक. जाऊन बघितला. रेक्झिन मधोमध धड, दोन्ही कडांना चिंध्या. डॉक्टर म्हणाले, "आतून ओरडण्याचा आवाज आला की बाहेरचे नखं रुतवतात."

हातगाडीवर घालून आणला. चष्मेवाले काका बाकाकडे बघतात, माझ्याकडे बघतात. "आणलंस खरं. आता करणार कोण?"

"मी."

"कार्टून! तू आजवर नुसतं उसवलंयस."

खरंय. शाळा सुटल्यापासून बाबांनी मला उसवायलाच बसवलंय. फाडायचं नाही, उसवायचं. जुनं कापड अख्खं निघालं पाहिजे. तेच नव्यावर अंथरायचं, खडूने आखायचं, कापायचं. जुनं फाडलं की माप गेलं. त्यांचं एकच वाक्य — "उसवता आलं की शिवता येतं." मला वाटायचं, फुकटात राबवून घ्यायचा बहाणा.

२०, गुरुवार

उसवला. कडांच्या चिंध्या जमिनीवर जुळवून जुळवून माप बसवलं. आखलं. कापलं. आणि चिंध्यांत झडून गेलेली शिवणीची दुमड जादा सोडायचंच विसरलो! बरोब्बर मापाचं कापलं, शाबास. चार बोटं कमी पडतंय. अख्खं रेक्झिन वाया.

ओरडलो नाही. लाथ मारली नाही. नवं आणलं, परत आखायला बसलो.

२३, रविवार

एक कोपरा जमेना. चुण्या पडतायत. बाकाची गादी खांद्यावर मारली आणि घरी बाबांच्या पलंगावर नेऊन ठेवली. आई — "अरे, आजारी माणसाच्या अंगावर काय हे!"

बाबांनी डाव्या अंगठ्याने कोपरा दाबला. आत. परत दाबला, जोरात. आत फोम जास्त होता! कापला, बसला. चुणी गायब.

"बघ, कसे खुलले," आई म्हणाली. "म्हणून म्हणते दुकान राहू दे."

मला तर ते दमलेले दिसले.

२७, गुरुवार

बाक पोचवला. एक शिवण तिरकी आहे, भिंतीकडच्या बाजूला फिरवून ठेवली! डॉक्टरांनी बसून बघितलं, उठून बघितलं, परत बसले. म्हणाले, घरचे दोन सोफे आहेत, पुढच्या आठवड्यात ये.

आता ताईला सांगायला तोंड झालं. आई आणि ताईचं फोनवर परत तेच — बाबांना काय सोसेल, बाबांना काय वाटेल. एक म्हणते ठेवा, एक म्हणते सोडा. दोघी बाबांसाठीच!

बाबांना मात्र कोणी विचारलेलंच नाही. मी पण नाही.

२८, शुक्रवार

विचारलं. "बाबा, दुकान ठेवायचं?"

मान — नाही.

वाटलं नीट ऐकलं नसेल. परत विचारलं. नाही. माझ्या डोळ्यांत बघून, सावकाश. नाही.

ताईला फोन केला. "बघ!" ती म्हणाली. "त्यांनाच नकोय. सुटलो. उद्या चावी देऊन टाक."

"नाही देणार."

"अरे, त्यांना नकोय ना? मग कोणासाठी?"

तोंडातून निघून गेलं — "माझ्यासाठी." आणि मग असं रडू फुटलं की ताई तिकडून "काय झालं, बाबांना काय झालं?" ओरडत राहिली आणि मला सांगताच येईना.