खोपीची जागा

लातूर, रविवार

दादास आणि घरच्या सगळ्यांना सुकन्याचा होस्टेलवरून नमस्कार.

मी मजेत हाय. जेवण बरं हाय, क्लासबी बरा चालू हाय. मोबाईल रविवारी तासभरच हाती देतात. आज फोन केला न्हाई, आईनं आवाजावरून ओळखलं असतं. म्हणून तू भरून दिलेले गेम खेळत बसले.

गाड्यांचा गेम फालतू हाय. कितीबी धडका, गाडी पुन्हा नवी! क्रिकेटचा ठीक, पण आउट दिल्यावर कुणी भांडतच न्हाई.

शेतीचा मात्र लई आवडला. दोन मिन्टात पीक येतं अन् रानडुकरं न्हाईत. तरी हरले. सगळं रान पेरायचं होतं, अन् मी झाडाखालचा कोपरा मोकळा सोडला. येळवसच्या अमावस्येला पांडव पुजायला कडब्याची खोप कुठं घालायची मग?

यंदा येळवसला आम्हाला सुट्टी न्हाई. माझ्या वाटची आंबील तू पी. आप्पांची कंबर कशी हाय?

हरले ते आईला सांगू नको. एवढंच सांग, पोरीनं खोपीची जागा सोडली होती.

तुझी,
सुकू